म्हशीचा बिल्ला आणि मामांचा गुडघा

माझे मामा तासगाव तालुक्यात असतात. दोन एकर द्राक्षबाग, थोडा ऊस आणि गोठ्यात चार म्हशी. म्हशींचा विमा ते न चुकता उतरवतात. जनावरांचे डॉक्टर येतात, म्हैस धडधाकट असल्याचा दाखला देतात, कानात बिल्ला मारतात, फोटो काढून नेतात. आजारी म्हशीचा विमा कुणी उतरवून देत नाही आणि कानात बिल्ला नसेल तर मेलेल्या म्हशीचा क्लेम मिळत नाही, हे मामांना पाठ आहे. त्यात त्यांना अन्याय वाटत नाही.

पण मामीला शुगर निघाली आणि तिला मेडिक्लेममध्ये घ्यायचं ठरलं, तेव्हा कंपनीने सांगितलं की शुगरमुळे होणाऱ्या आजारांना पहिली तीन वर्षं कव्हर नाही. मामा तडक सांगलीत विश्रामबागला माझ्या ऑफिसात आले. "अरे, आजार आहे म्हणून तर विमा पाहिजे! बऱ्या माणसाला कशाला लागतोय?"

मी कर सल्लागार. विमा विकत नाही. पण दर मार्चला ८० डी ची, म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्यावरच्या कर सवलतीची, पावती घेऊन येणारी माणसं टॅक्सचं काम झाल्यावर हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. हप्ता एवढा का वाढला, क्लेम का कापला, सरकारचं कार्ड असताना मेडिक्लेम कशाला. मामांना त्या दिवशी जे सांगितलं, त्यात थोडी भर घालून इथे लिहितोय.

शंभर घरांची एक वाडी धरा. वर्षाला त्यातल्या पाच घरांत कुणीतरी दवाखान्यात ॲडमिट होतं आणि सरासरी एक लाख खर्च येतो. म्हणजे वाडीचा खर्च पाच लाख. सगळ्यांनी पाच-पाच हजार काढले की भागलं. आता चाळीस घरांतली पोरं तरणीताठी आहेत. ती म्हणतात, आम्हाला काय होतंय, आम्ही नाही भरत. त्यांच्यातलं एखादंच घर दवाखान्याची पायरी चढणार होतं. म्हणजे खर्च एका लाखाने कमी झाला, भरणारी घरं मात्र चाळीसने घटली. चार लाख भागिले साठ. हप्ता साधारण ६,६६७ झाला. तो आकडा बघून आणखी तीस बऱ्यापैकी निरोगी घरं बाहेर पडली, त्यांच्याबरोबर अजून एक आजारपण गेलं. उरली तीस घरं आणि तीन लाखांचा खर्च. हप्ता दहा हजार. वाडीत आजारपण वाढलेलं नाही, डॉक्टरांनी फी वाढवलेली नाही, तरी हप्ता दुप्पट झाला, तो फक्त कोण बाहेर पडलं त्यामुळे.

द्राक्ष बागायतदाराला हे लगेच कळतं. गारपिटीचा विमा फक्त गारांच्या पट्ट्यातल्या लोकांनीच घेतला तर त्याचा हप्ता बागेच्या उत्पन्नाच्या जवळ जाईल. अर्थशास्त्रात याला मोठं नाव आहे, पण आपण त्याला 'बरे लोक निघून जाण्याचा रोग' म्हणू. आरोग्य विम्याच्या धोरणात जगात जे जे बदल झाले, त्यातले बरेचसे या एकाच रोगावरचे इलाज आहेत. धडधाकट माणसाला मंडळीत कसं टिकवायचं, एवढाच प्रश्न.

जर्मनीने १८८३ मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा कायद्याने सक्तीचा केला. ब्रिटनने १९४८ मध्ये विम्याची भानगडच ठेवली नाही, सगळ्यांचा दवाखाना करातून चालवायला घेतला. अमेरिकेने २०१० च्या कायद्यात चुलीचे तीन दगड मांडले. जुना आजार आहे म्हणून कंपनीने कुणाला नाकारायचं नाही, प्रत्येकाने विमा घ्यायचाच, आणि ज्याला परवडत नाही त्याच्या हप्त्यात सरकारने भर घालायची. पहिलाच दगड ठेवला असता तर लोक आजारी पडल्यावर विमा घ्यायला आले असते, जसे आमचे मामा मामीला घेऊन गेले. म्हणून दुसरा लागला. सक्ती केली की गरिबाने कुठून भरायचं, म्हणून तिसरा. पुढे विमा न घेणाऱ्याचा दंड २०१९ पासून शून्य केला गेला. चूल कलंडली नाही, कारण हप्त्यातली सरकारी भर शाबूत होती. मला या गोष्टीत रस यासाठी वाटतो की माणसं दंडाच्या भीतीपेक्षा स्वस्ताईने जास्त टिकतात, असा त्याचा एक अर्थ निघतो.

आपल्याकडे संघटित कामगारांसाठी हे फार पूर्वी झालं. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे ईएसआय. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के घालतो. त्यात तरुण-म्हातारा, बरा-आजारी असा भेद नाही, आणि बाहेर पडायची सोयही नाही. शेतकरी, दुकानदार, रिक्षावाला, वकील, माझ्यासारखा सल्लागार हे सगळे त्याबाहेर. त्यांच्यासाठी १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. तो ऐच्छिक. घ्यायचा तर घ्या.

आणि जिथे सक्ती नाही, तिथे कंपनीकडे मुख्य कुंपण उरतं, ते म्हणजे वेटिंग पिरियड, ठरावीक मुदत क्लेम न देण्याची अट. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही, मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं यांना साधारण दोन-तीन वर्षं, आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. ही शेवटची मर्यादा २०२४ पर्यंत चार वर्षांची होती, विमा नियामकाने ती कमी केली. त्याच वेळी आणखी एक नियम आपल्या फायद्याचा झाला, जो एजंट क्वचितच सांगतो. सलग पाच वर्षं हप्ता भरला की 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. म्हणून हप्ता एकदा चुकवणं फार महागात जातं. म्हशीच्या कानातला बिल्ला हरवण्यासारखंच ते.

मामा म्हणाले, "म्हणजे मामीचा बिल्ला तीन वर्षांनी खरा होणार." बरोबर. त्यांना पटलं, आवडलं नाही.

इथवरचा भाग हप्त्याचा. पण हप्ता हा शेवटी बिलावर ठरतो, आणि बिलाची गोष्ट जास्त अवघड आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घ्यायला आलेला व्यापारी कांडं मोडून रंग बघतो. त्याला माल कळतो, विकणाऱ्यालाही कळतो, भाव दोघांच्या मधे ठरतो. मिरजेत दवाखान्यात गेलेल्या माणसाला काय कळतं? त्याला अँजिओग्राफी लागते की नाही हे तोच ठरवतो जो ती करणार आहे. किती दिवस ठेवायचं, कुठलं औषध, कुठल्या कंपनीचा सांधा, सगळं विकणारा ठरवतो. आणि घेणारा वेदनेत असतो, चार ठिकाणी भाव करत फिरू शकत नाही. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्ये एका निबंधात हेच मांडलं की अनिश्चितता आणि अपुरं ज्ञान यांमुळे वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. पुढे त्यांना नोबेल मिळालं.

मिरज हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे असं मला नेहमी वाटतं. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज एवढ्याशा शहरात इतके दवाखाने आहेत की बेळगाव-विजापूरकडची माणसं रेल्वेने थेट मिरजेला उतरतात. हळदीच्या पेठेत एवढी दुकानं असती तर भाव पडला असता. दवाखान्यांच्या बाबतीत तसं सरळ होत नाही. कारण पेशंट भाव बघून नाही, डॉक्टरचं नाव ऐकून आणि गावच्या डॉक्टरने चिठ्ठी दिलेल्या दाराशी जातो. डॉक्टर वाईट असतात असं मी म्हणत नाही. माझा अर्धा मित्रपरिवार डॉक्टर आहे आणि त्यांनी घेतलेल्या मशीनच्या कर्जाचे हप्ते मी कागदावर बघतो. मुद्दा एवढाच की मालाची परीक्षा ज्याला येत नाही, त्याच्या खिशाकडे बघून भाव ठरण्याची भीती कायम असते.

त्यात विमा आला की काय होतं? पेशंट म्हणतो, पैसे कंपनीचे. डॉक्टर म्हणतो, पेशंटवर बोजा नाही. "मेडिक्लेम आहे का?" हा प्रश्न काउंटरवर नावगावानंतर लगेच का विचारला जातो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. दोघांनाही आखडता हात घ्यायचं कारण उरत नाही, आणि ते पैसे पुढच्या वर्षी सगळ्यांच्या हप्त्यातून वसूल होतात. यावर कंपनीने शोधलेला उतारा म्हणजे पॉलिसीतली बारीक अक्षरं. त्यातलं सगळ्यात महागात जाणारं कलम रूम रेंटचं. आमच्या घरीच ते घडलं.

जानेवारी २०२३. मामांचा डावा गुडघा बदलायचा ठरला. पॉलिसी तीन लाखांची, त्यात खोलीचं भाडं दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० पर्यंत. दवाखान्यात त्या दराची खोली रिकामी नव्हती, निदान तसं सांगितलं गेलं. पाच हजारांची होती, टीव्ही आणि खिडकी असलेली. मामी म्हणाली, पाचच दिवस तर आहेत, दहा हजार जास्त गेले तर गेले. मीही मान डोलावली. मी, जो लोकांना कलमं वाचून दाखवतो.

बिल झालं २,३०,०००. त्यात खोलीचे २५,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,१०,०००. सांधा, औषधं, तपासण्या ९५,०००. मामांना ३,००० चा हक्क होता, राहिले ५,००० मध्ये, म्हणजे साठ टक्के. तर कंपनीने खोलीचे साठ टक्के दिले, १५,०००. आणि सर्जन-थिएटरच्या रकमेचेही साठ टक्केच, ६६,०००. कारण आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत खोली जितकी महाग, तितकी त्याच ऑपरेशनची फीही चढी लावतात. सांधा आणि औषधं यांना हे प्रमाण लागू होत नाही, तिथे पूर्ण ९५,००० मिळाले. एकूण १,७६,०००. खिशातून गेले ५४,०००. शिवाय हातमोजे, फाइल चार्ज अशी किरकोळ कापाकापी वेगळी. दहा हजारांच्या खिडकीला चोपन्न हजार पडले. खिडकीतून पार्किंग दिसत होतं.

म्हणून पॉलिसी घेताना माझा पहिला प्रश्न असतो की रूम रेंटची मर्यादा आहे का. दोन हजार जास्त भरून ती काढून टाकता येत असेल तर काढा. आणि ॲडमिट होताना खोलीचा दर आधी विचारा, आजाराचा खर्च नंतर. हे ऐकायला उलटं वाटेल.

डिस्चार्जच्या दिवशीचा आणखी एक छळ सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर सकाळी घरी जा म्हणतात, मग संध्याकाळपर्यंत "फाइल पाठवलीय", "क्वेरी आलीय". मे २०२४ मध्ये नियामकाने यावर परिपत्रक काढलं की कॅशलेसला, म्हणजे कंपनी दवाखान्याला परस्पर पैसे देते तेव्हा, सुरुवातीची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, त्यापुढे खोळंबा झाला आणि दवाखान्याने जादा भाडं लावलं तर ते कंपनीने सोसायचं. काउंटरवर हा नियम शांतपणे उच्चारला तरी फाइल जरा हलते, हा माझा अनुभव. क्लेम नाकारला आणि कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात निकाल लागला नाही किंवा लागलेला पटला नाही, तर पुण्याला विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. वर्षाच्या आत जायचं एवढं लक्षात ठेवा.

आता सरकारी कार्डाकडे येतो, कारण हल्ली सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच.

२ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती सगळीकडे आली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची जोड घातली गेली. मामांचं रेशन कार्ड पांढरं, म्हणून २०२३ च्या जानेवारीत त्यांना तिचा उपयोग नव्हता. जुलै २०२४ पासून कार्डाच्या रंगाची अडचण गेली आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं कव्हर पाच लाखांवर गेलं. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरपासून केंद्राने सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानमध्ये घेतलं.

वाडीच्या हिशेबात बघितलं तर हा सगळ्यात स्वच्छ इलाज आहे. इथे कुणी बाहेर पडूच शकत नाही, कारण हप्ता करातून जातो. वेटिंग पिरियड नाही, वयाची अट नाही. मग घोडं कुठे पेंड खातं? दरात. योजनेत प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं, दवाखान्याला तेवढेच मिळतात. दर कमी ठेवला तर चांगले दवाखाने यादीत यायला नाखूश असतात, आले तरी "योजनेचे बेड फुल आहेत" असं ऐकू येतं, किंवा काउंटरमागे हळूच वरचे पैसे मागितले जातात. योजनेत पेशंटकडून असे पैसे घेता येत नाहीत, आणि दवाखान्यात योजनेच्या पेशंटना मदत करायला बसवलेल्या आरोग्यमित्राच्या कानावर ते घालायला लाजू नका. दर जास्त ठेवला तर उलटी गंमत. २००८ मध्ये केंद्राने गरिबांसाठी ३०,००० रुपयांचा आरोग्य विमा आणला होता. २०१२ च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमधून बातम्या आल्या की त्या कार्डावर बायकांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्या जात होत्या. म्हणजे पैसे कुठे आहेत त्याप्रमाणे आजार निघतात. भाव बरोबर ठरवणं हे ऑपरेशनपेक्षा नाजूक काम आहे, आणि त्यासाठी खरा खर्च किती येतो याची माहिती लागते, जी देण्याची कुणालाच घाई नाही.

सरकारने दुसरीकडून भाव धरायचा प्रयत्नही केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली गेली, साधा ७,२६० आणि औषध लावलेला २९,६०० रुपये. त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याची. मामांच्या बिलात सांध्याचा आकडा तुलनेने सुसह्य होता तो त्यामुळे. पण बिल म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूला फुगते. सांधा बांधला, थिएटर मोकळं राहिलं.

या सगळ्यात एक गोष्ट अशी की तिच्याकडे विमाही बघत नाही आणि कार्डही नाही, ती म्हणजे मामीची शुगरची गोळी. ॲडमिट झालं तरच दोन्हीकडून पैसे मिळतात. महिन्याची औषधं, तीन महिन्यांची तपासणी, डॉक्टरची फी, हा खर्च एकदम दिसत नाही पण आयुष्यभर गळतो. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. उतार मोठा आहे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आपलेच, आणि त्यात औषधांचा वाटा मोठा. सरकारचा खर्च त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करायचं लिहिलं होतं. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची गोळी महिन्याच्या महिन्याला मिळत राहिली तर पुढचं डायलिसिस वाचतं. विमा कंपनीला या गोळीत रस नाही, कारण डायलिसिसच्या वेळी तो माणूस दुसऱ्याच कंपनीकडे पोर्ट झालेला, म्हणजे पॉलिसी तिकडे हलवून गेलेला असू शकतो. सरकारला असायला हवा, कारण त्याच्याकडून कुणी पोर्ट होत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत झालेत. बेडपेक्षा तिथल्या औषधाच्या खिडकीवर काय मिळतं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

माझ्या धंद्याचा मुद्दा राहिलाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तीस हजारांच्या हप्त्यावर ५,४०० रुपये. लोक खूश होऊन पावती घेऊन आले. मी त्यांना पावतीतली करापूर्वीची रक्कम गेल्या वर्षीशी ताडून बघायला सांगितलं. कारण कर शून्य झाला की कंपनीला तिच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावटही मिळत नाही, आणि ते नुकसान कुठेतरी जिरवावं लागतं. सत्तरीकडे झुकलेल्यांसाठी जानेवारी २०२५ पासून एवढा दिलासा आहे की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. नवीन कर प्रणाली घेतली असेल तर ८० डी ची सवलत नाही. पावत्या आणता, मी फाइलला लावतो, पण कर वाचत नाही.

या मार्चला मामा आले ते मुलाला घेऊन. मुलगा अठ्ठावीसचा, चाकणला नोकरीला, जिमला जातो. म्हणतो, कंपनीचा ग्रुप विमा आहे, घरच्या पॉलिसीतून माझं नाव काढा, उगाच हप्ता कशाला. नोकरी सुटली की ग्रुप विमाही सुटतो आणि नव्या पॉलिसीचं वेटिंग पहिल्यापासून मोजावं लागू शकतं, असं मी सांगत होतो. तो मोबाइलमध्ये बघत होता.

मामांनी उजवा गुडघा चोळत त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे आमच्या गोठ्यातली तरणी म्हैस निघाली म्हणायची."

"हो."

"मग म्हाताऱ्या तिघींचा हप्ता किती पडतोय, तेवढा काढून दे."